सोलापुरात राहून नेचर-बेस्ड सोल्युशन्स शिकायचं असेल तर

ज्युनियर पोरं विचारतात, हे म्हणजे झाडं लावायचा कोर्स आहे का? नाही ओ. पूर, उष्णता, पाणीटंचाई असले शहराचे प्रश्न माती, झाडं, तलाव, ओढे यांच्या जोरावर सोडवायचे, आणि त्यात माणसाचा न् जीवसृष्टीचा दोघांचाही फायदा झाला पाहिजे, असा हा विषय. आययूसीएनचं (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) या विषयावरचं २०२० चं ग्लोबल स्टँडर्ड आहे, त्यातले ८ निकष आधी वाचा, म्हणजे नुसतं हिरवं लॉन टाकून प्रोजेक्ट दाखवणारे लगेच ओळखू येतील. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात लॉन कसलं करताय?

क्लासमध्ये सिंगापूरचं बिशान पार्क हमखास दाखवतात, २.७ किमीचा काँक्रीटचा कॅनॉल फोडून ३.२ किमीची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये खुलं झालं. भारीच आहे, पण तिथं वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस, आपल्याकडं त्याच्या निम्माही नाही.

म्हणून माझं म्हणणं, आधी माती. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहून जातं. यूट्यूबवरचं रेन गार्डन (पावसाचं पाणी जिरवायला केलेला झाडांचा खोलगट वाफा) इथं जसंच्या तसं केलं तर डबकं होणार आणि डास होणार, त्याला वाळू-खडीचा थर द्यावा लागतो आणि जादा पाणी बाहेर जायला जागा ठेवावीच लागते. खड्डा खणा, पाणी भरा, तासाला किती उतरतंय ते फूटपट्टीनं मोजा, एकदा मे मध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये, आकडे बघून चक्रावाल.

मग सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव फिरा, पण काठावर भेळ खात नाही, पाणी कुठल्या नाल्यातून येतं ते शोधत. जलपर्णी माजली म्हणजे सांडपाण्यातनं नायट्रोजन-फॉस्फरस येतंय, नुसती मशीननं काढून ती परत येणारच.

नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, लँडसॅट उपग्रहांचा डेटाही फुकट. उष्णतेचे नकाशे करा, फक्त लँडसॅट ८ चा थर्मल (उष्णता मोजणारा) सेन्सर मुळात १०० मीटरचा, म्हणजे चित्रातला एक ठिपका १०० मीटरचा, त्यावरून गल्लीगल्लीतला फरक सांगू नका, व्हायव्हात पकडतात.

सिव्हिल किंवा आर्किटेक्चरवाल्यांनी एम. प्लॅनसाठी (नियोजनातली मास्टर्स) गेट या प्रवेश परीक्षेचा विचार करावा. भूगोलवाल्यांनाही काही ठिकाणी प्रवेश मिळतो, त्या त्या कॉलेजची पात्रता बघूनच फॉर्म भरा.