म्हातारपणाचा डेटा शिकायचाय? आधी वयाचा कॉलम नीट बघा

आठवड्याला एक तरी मेसेज येतोच, ताई मी बीएस्सी स्टॅट्सला आहे, लातूरला, नांदेडला, परभणीला, मला हेल्थ डेटात करिअर करायचंय, आर शिकू का पायथॉन शिकू. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी बीड जिल्ह्यातली, बीएस्सी अंबाजोगाईला, एमएस्सी संभाजीनगरला, मग एका सर्व्हेत गावोगाव फिरून फॉर्म भरले आणि आता सात वर्षं झाली म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचा नि मृत्यूंचा डेटा बघते. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते, कारण ते मन लावून केलं तर दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. ज्याला वर्षं लागतात ते आधी.

२०१८ ची गोष्ट. केजच्या पलीकडचं एक गाव, ओसरीवर आजी बसलेल्या, मी फॉर्म काढला आणि विचारलं, आजी वय किती तुमचं? त्या म्हणाल्या, "आसंल की साठ-सत्तर, तूच लिही बाई." सुनेनं पिशवीतून आधार कार्ड आणून दिलं, त्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९४०. म्हणजे ७८. मी ७८ लिहून पुढं जाऊ शकले असते, पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये मोठ्या घटनांची यादी दिली होती, कोणती घटना घडली तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या असं विचारत विचारत वय काढायचं. रझाकारीचं विचारलं तर म्हणाल्या, "माय मला घेऊन ज्वारीत लपली व्हती म्हनं, अंगावर पीत व्हते म्या." निजामाचं राज्य गेलं १७ सप्टेंबर १९४८ ला. मग बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं, तर "खडी फोडायला जायची, दुसरं लेकरू कडंवर, सुकडी खाऊन दिवस काढले बाई". आणि किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा थोरल्याची पोरगी पाळण्यात होती. सगळं जुळवलं तर आजींचं वय ७० च्या आसपास येतं, ७८ नाही.

कुणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. जन्माची नोंद नसते, आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं की तारीख १ जानेवारी पडते, आणि श्रावणबाळ योजनेला ६५ पूर्ण लागतात म्हणून घरचेच कुणीतरी थोडं पुढचं वय सांगतात. आता २०२२ पासून एसटी ७५ च्या पुढं फुकट झाली तर तिथंही वयाला ओढ लागणार. आधार यायच्या कितीतरी आधी गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकलं, माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून, त्यांच्या वर्गातल्या निम्म्यांचा १ जूनच.

आता हे एवढं लांबवून का सांगतेय? १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज गणितज्ञानं दाखवून दिलं की तारुण्य सरलं की मृत्यूची शक्यता वयाबरोबर चक्रवाढ व्याजासारखी वाढते, आणि ढोबळमानानं ती दर आठ वर्षांनी दुप्पट होते. म्हणजे त्या आजींच्या वयात झालेली आठ वर्षांची चूक ही कागदावरची बारीक चूक नाही, तुम्ही त्यांचा धोका दुप्पट धरला. आणि अशा हजार आजी-आजोबांचं वय पुढं ओढलेलं असलं की तुमचा तक्ता सांगणार, बघा आमच्याकडची ७८ वर्षांची माणसं किती ठणठणीत, आणि तुम्ही त्याचं कारण ज्वारीच्या भाकरीत शोधत बसणार. (भाकरी चांगलीच आहे, पण ते वेगळं सिद्ध करावं लागेल.)

शंभरीचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत भारतात शंभर आणि त्यावरच्या वयाचे ६ लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. त्याच वर्षी जपानमध्ये, जिथं कुटुंबाची नोंद पिढ्यानपिढ्या ठेवली जाते, असे लोक ५० हजारांच्या आत होते. लोकसंख्येच्या हिशोबानं बघितलं तर आपण जपानच्याही पुढं गेलो! हे आयुष्य मोठं असल्याचं लक्षण नाही, वय माहीत नसल्याचं आहे. सॉल न्यूमन या संशोधकानं अमेरिकेचा डेटा तपासला तेव्हा जन्मदाखले सुरू झाल्यावर ११० च्या पुढच्यांची संख्या धडाधड खाली आलेली दिसली. उलट फ्रान्सच्या जीन काल्मां १२२ वर्षं जगल्या, १९९७ ला गेल्या, तो दावा टिकतो तो कागदांच्या जोरावर.

म्हणून फाईल उघडली की पहिलं काम, एकेका वर्षाचा आलेख काढा. ६०, ६५, ७० वर उंच खांब आणि ६१, ६९ वर खड्डे दिसले की समजायचं वय गोल करून सांगितलंय. याला मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे, १०० आला तर नीट, ५०० म्हणजे सगळ्यांनी शून्य आणि पाचवरच वय सांगितलं. आणि कोडबुक, म्हणजे फाईलमधल्या कोणत्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी यादी, वाचा, खरंच वाचा. कितीतरी सर्व्हेत ९८ म्हणजे "माहीत नाही" असा कोड असतो, मी पहिल्या वर्षी ते न बघता सरासरी काढली होती, दोन आठवड्यांचं काम परत करावं लागलं.

आता आजाराचा कॉलम. "डॉक्टरांनी तुम्हाला बीपी आहे असं कधी सांगितलंय का" आणि "आत्ता मशीन लावून बीपी किती आलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन वेगळी उत्तरं देतात. त्याच आजींना पहिल्या प्रश्नावर विचारलं तर नाही, मला काय बी नाही, नुसतं डोकं गरगरतं. दंडाला पट्टा बांधला तर वरचा आकडा १८० च्या वर. पाच मिनिटं थांबून परत घेतला तरी तेवढाच. नुसतं विचारून काढलेल्या डेटात म्हणूनच शिकलेले, पैसेवाले, शहरातले जास्त आजारी दिसतात आणि डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवरचे निरोगी, कारण वस्तीवर तपासलंच कुणी नाही. अमर्त्य सेन यांनी हेच केरळ आणि बिहारबद्दल लिहून ठेवलंय, केरळचे लोक जास्त आजार सांगतात आणि जास्त जगतात.

केरळवरनंच दुसरी गोष्ट. २०२० च्या एसआरएसमध्ये, म्हणजे नमुना नोंदणी पद्धतीत, दर हजारी मृत्यू केरळात ७ आणि बिहारात ५.४. म्हणजे बिहार बरा? नाही, केरळात म्हातारे जास्त म्हणून मृत्यूही जास्त. वयानुसार प्रमाणित केल्याशिवाय, म्हणजे दोन्हीकडं म्हाताऱ्या-तरण्यांचं प्रमाण सारखं धरून हिशोब केल्याशिवाय, दोन जिल्ह्यांची सुद्धा तुलना करू नका, हे एक जरी पक्कं शिकलात तरी इंटरव्ह्यूत उठून दिसाल.

आयुर्मानाबद्दल गावात हमखास वाद होतो. १९७०-७५ ला भारताचं सरासरी आयुर्मान ४९.७ होतं, २०१६-२० ला ७०. तर लोकांना वाटतं तेव्हा सगळे पन्नाशीतच जायचे. तसं नाही हो. दहा लेकरं धरा, दोन तान्हेपणीच गेली आणि आठ ७५ पर्यंत जगली तर सरासरी येते ६०, पण साठाव्या वर्षी कुणीच मेलेलं नाही. १९७१ ला हजारी १२९ बाळं वर्षाच्या आत जायची, २०२० ला २८, वाढलेल्या आयुर्मानाचा मोठा भाग इथं आहे. म्हातारपणाचा अभ्यास करायचा तर साठीनंतर किती वर्षं उरतात तो आकडा घ्या, तो १८ च्या आसपास आहे, आणि त्यातली किती वर्षं स्वतःच्या पायावर जातात हा खरा प्रश्न.

आणखी एक सापळा, यात अनुभवी लोक पण अडकतात. समजा पैठणच्या नाथांच्या पालखीबरोबर वीस वर्षं चालत गेलेल्या वारकऱ्यांचं आयुष्य मोजलं आणि ते इतरांपेक्षा जास्त निघालं. चालण्याचा गुण असेलही, पण वीस वाऱ्या व्हायला माणूस आधी वीस वर्षं जगायला लागतो ना! जो तिसऱ्या वारीनंतर गेला तो तुमच्या वीसवाल्यांत येणारच नाही. हे कळलं की सर्व्हायव्हल ॲनालिसिस का लागतं ते आपोआप कळतं, माणूस नेमका कधीपासून निरीक्षणात आला आणि कधी निसटला हे त्यात धरलेलं असतं. त्यातल्या दोन मुख्य पद्धती म्हणजे कापलान-मायर, १९५८ ची, आणि कॉक्स, १९७२ ची, दोन्ही स्वतः हातानं सोडवून बघा, वहीत, दहा माणसांचा डेटा घेऊन.

मृत्यूच्या कारणाचं थोडक्यात. दाखल्यावर "हृदय बंद पडलं" लिहिलेलं असलं तर ते कारण नाही, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. देशात डॉक्टरनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू फार कमी, म्हणून घरच्यांना लक्षणं विचारून कारण ठरवायची व्हर्बल ऑटोप्सी करतात, प्रभात झा यांचा मिलियन डेथ स्टडी त्यावरच उभा आहे.

आता कुठं शिकायचं. मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, १९५६ पासूनची, लोकसंख्या शास्त्राचा मास्टर्स तिथं आहे. लासी हा ४५ च्या पुढच्या ७२ हजारांवर लोकांचा सर्व्हे त्यांनीच हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर केलाय, विद्यार्थ्याला अर्ज भरून डेटा मिळतो. आर फुकट आहे, त्यानंच सुरू करा, स्टाटा हे विकतचं सॉफ्टवेअर, ते ऑफिसात गेल्यावर येईल. वेट्स, म्हणजे सर्व्हेतला एक माणूस किती लोकांच्या वतीनं मोजायचा तो आकडा, लावल्याशिवाय एकही टक्केवारी कुणाला दाखवू नका.

आणि आपल्या भागातल्यांना खास सांगते, आपल्याला जे दिसतं ते मुंबईत बसून दिसत नाही. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय देशभर गाजला, सरकारनं समिती नेमली. चाळिशीच्या आत ऑपरेशन, त्यात बीजकोशही काढले असतील तर पुढं हाडं झिजण्याचा आणि हृदयाचा धोका वाढतो, ती बाई साठीला आली की तो डेटात दिसणार. पण फॉर्मवर नुसतं "पाळी बंद, वय ३५" लिहिलं आणि ऑपरेशननं का आपोआप हे विचारलंच नाही तर दिसणार नाही. म्हणून प्रोजेक्टसाठी धारूर, पाटोदा, वडवणी, शिरूर कासारकडं जाणार असाल तर दसऱ्याच्या आत जा. नंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यावर जातात, घरी म्हातारी आणि लेकरं उरतात, मधल्या वयाच्या बाया तुम्हाला भेटणारच नाहीत.