गेमिंग कीबोर्ड कसा पारखायचा

नागपुरात मानेवाडा रोडवर माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप, प्रिंटर, यूपीएस सगळंच येतं. पण कॉलेजांना सुट्या लागल्या की टेबलावर कीबोर्डांचा ढीग पडतो. नवा घ्यायला निघालेले पोट्टेही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाण्याआधी माझ्याकडे डोकावतात. "ताई, कोणता घेऊ?" मी उलट विचारते : तू खेळतोस काय, बसतोस कुठं, आणि त्याच कीबोर्डवर घरात अजून कोण काम करतं? ही तीन उत्तरं नसतील तर दोन कीबोर्डांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकाच्या खोलीतला गुण दुसऱ्याच्या खोलीत तोटा होतो, हे मी रोज पाहते.

मेम्ब्रेनपासून सुरू करू, कारण बहुतेकांच्या घरी आज तोच आहे. आत रबराची चादर असते आणि प्रत्येक बटणाखाली रबराची एक घुमटी. बटण दाबलं की घुमटी बसते आणि खालच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांवरचे छापील पट्टे एकमेकांना टेकतात. पाचशे-हजार रुपयांत येतो, आवाज फारसा नाही, आणि ज्याला फक्त फुटबॉल किंवा गाड्यांचे गेम खेळायचे आहेत त्याला पुरतो. रबर म्हातारं झालं की काही बटणं कडक होतात आणि काही पिचकतात, ते चालवून घेता येतं. खेळताना नडते ती वेगळीच गोष्ट : एकदम तीन-चार बटणं दाबली की एखादं बटण तो गिळतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे खोक्यावरच्या शब्दांना फसणार नाही. सगळी बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकत्र दाबले गेले की चौथा न दाबताही दाबल्यासारखा दिसतो. हे भुताचं बटण टाळायला स्वस्त कीबोर्डची चिप तिसरं बटण सरळ नाकारते. चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग) असतो, त्यामुळे कितीही बटणं एकत्र दाबा, सगळ्यांची नोंद होते. त्याला एन-की रोलओव्हर म्हणतात. नुसतं 'अँटी-घोस्टिंग' लिहिलेलं असेल तर तो शब्द पुष्कळदा डब्ल्यू-ए-एस-डी या गेममध्ये चालायच्या बटणांच्या आसपासच्या मोजक्या बटणांपुरताच असतो.

तपासायला यंत्र लागत नाही. नोटपॅड उघडा, डाव्या-उजव्या दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि तशाच अवस्थेत ए पासून झेडपर्यंत अक्षरं टाइप करा. जी अक्षरं उमटली नाहीत, ती त्या कीबोर्डने गिळली. मग ब्राउझरमध्ये कीबोर्ड टेस्टर उघडून तुमच्या गेमचे खरे जोड दाबा : डब्ल्यू, शिफ्ट आणि स्पेस धरून आर, कंट्रोल आणि ए धरून स्पेस. दुकानदार संगणक लावून द्यायला कंटाळा करत असेल तर खिशात ओटीजीचा जोड ठेवा. कीबोर्ड अँड्रॉइड फोनला लागतो, आणि शिफ्टवाली परीक्षा फोनच्या नोंदवहीतही होते. (घरी खेळताना शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज स्टिकी कीजची खिडकी उघडतं. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तो कीबोर्डचा दोष नाही, तरी लोक त्यासाठी कीबोर्ड उचलून माझ्याकडे आणतात!)

आता मेकॅनिकल. यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो : आत स्प्रिंग, दांडा आणि धातूची पातळ पाती. या स्विचची आजची ठेवण जर्मनीच्या चेरी कंपनीने घालून दिली. त्यांच्या पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली आणि गेटरॉन, कैल, औटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच भराभर काढले. दीड-दोन हजारांत मेकॅनिकल मिळतो तो त्यामुळे. स्विचचे प्रकार रंगांवरून ओळखतात. त्यातल्या निळ्याचा आवाज तुम्ही आधीच ऐकलेला असणार. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं खडखडणारा टीव्हीएस गोल्ड हा चेरीच्या निळ्या स्विचचाच.

रंगांचा अर्थ थोडक्यात असा. लाल स्विच सरळ खाली जातो, मध्ये अडत नाही. चेरीच्या लालला ४५ ग्रॅम जोर लागतो, २ मिलिमीटरवर नोंद होते आणि एकूण चाल ४ मिलिमीटरची. तपकिरीला मध्ये एक हलका उंचवटा बोटाला लागतो. निळ्याला उंचवटाही आहे आणि वर 'टिक' असा आवाजही. नेमबाजीच्या गेममध्ये सारखं डावं-उजवं करावं लागतं, तिथे लाल बरा. दिवसभर टायपिंग आणि रात्री गेम असेल तर तपकिरी. निळा टायपिंगला झकास, पण तो घेण्याआधी घरचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असतो, कूलर पूर्ण वेगात घुमत असतो आणि त्या घरघरीत निळ्याची टिकटिक कुणाच्याच कानावर जात नाही. डिसेंबरात कूलरवर गोणपाट चढतं, घर शांत होतं, आणि मग रात्री एक वाजता बाबा दार उघडून विचारतात, "काय तोडून राह्यला बे?" हिवाळ्यात निळा देऊन लाल मागायला येणारे माझ्याकडे नेमाने असतात.

कूलरचा दुसरा त्रास जास्त महागात पडतो. ओलसर वारा, त्यात खिडकीतून येणारी धूळ, आणि टेबल बरोबर झोताच्या समोर. स्विचमधल्या पात्यांवर थर बसतो आणि एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटू लागतं. खोक्यावर ५ कोटी दाबांचा दावा असतो, तो बहुधा खोटाही नसतो. पण तो स्वच्छ पात्यांचा हिशेब आहे. दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकल कीबोर्डांत हाच आजार सगळ्यात जास्त. म्हणून आमच्या नागपुरात मेकॅनिकल घेताना मी एका गोष्टीवर अडून बसते : हॉट-स्वॅप. यात स्विच सोल्डरने डकवलेले नसतात, खोबणीत बसवलेले असतात. बिघडलेला स्विच चिमट्याने उपटायचा आणि नवा दाबून बसवायचा, डाळ शिजेपर्यंत काम होतं. डकवलेल्या कीबोर्डला माझ्यासारखीची सोल्डरिंग लागते, आणि मी फुकट करत नाही.

हॉट-स्वॅपमध्येही पोटभेद आहेत. काही खोबणी तीन पायांचे स्विच घेतात, काही पाचही. काही स्वस्त कीबोर्डांत औटेमूच्या बारीक पायांच्याच खोबणी असतात. तिथे गेटरॉनचा स्विच जोराने घुसवला तर खोबण फाकते आणि मग ते बटण कायमचं लटपटतं. विकत घेतानाच विचारा, कोणते स्विच बसतात. दुकानदाराला माहीत नसेल तर एक स्विच उपटून त्याचे पाय बघा. स्विच उपटता येत नाही आणि कीकॅपखाली (बटणावरच्या टोपीखाली) रबर दिसतंय, तरी खोक्यावर 'मेकॅनिकल फील' लिहिलंय? तो मेम्ब्रेन आहे. मेम्ब्रेन म्हणून घ्यायला हरकत नाही, मेकॅनिकलच्या भावात घेऊ नका.

चुंबकवाले, म्हणजे हॉल इफेक्ट कीबोर्ड, सध्या पोट्ट्यांच्या तोंडी हेच आहेत. दांड्यात चुंबक बसवलेला असतो आणि खालचा सेन्सर तो किती जवळ आला ते सतत मोजतो. धातूला धातू टेकतच नाही, म्हणून वर सांगितलेला दुहेरी अक्षराचा आजार याला त्या वाटेने लागत नाही. नोंद किती खोलीवर व्हावी हे तुम्ही ठरवता. आणि रॅपिड ट्रिगर नावाची सोय असते : बोट जरा वर उचललं की बटण सुटलं असं धरलं जातं, ठरावीक उंचीपर्यंत वर यायची वाट पाहावी लागत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये पळता पळता थांबून नेम धरायचा असतो, तिथे हा फरक खरोखर जाणवतो. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने ही सोय लोकप्रिय केली. आता तीन-चार हजारांपासूनही असे कीबोर्ड मिळतात.

याचे तोटे कुणी सांगत नाही. खोली ०.१ मिलिमीटरवर ठेवली तर नुसतं बोट टेकलं तरी अक्षर उमटतं. त्याच कीबोर्डवर प्रोजेक्टचा अहवाल टाइप करून बघा. सगळं काही कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून, आणि स्वस्तातल्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे नशिबाचा खेळ. स्विचही वाटेल ते बसत नाहीत, चुंबकाची दिशा आणि ताकद जुळावी लागते. अजून एक : एक बटण धरलेलं असताना उलट दिशेचं बटण दाबलं की पहिलं आपोआप सोडणारी सोय यांत बरेचदा येते. रेझर कंपनीने २०२४ मध्ये स्नॅप टॅप या नावाने ती आणली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व या गेमच्या कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर तिला मनाई केली. तिथे खेळत असाल तर ती बंद ठेवा, नाहीतर सामन्यातून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगरला मात्र तिथे मनाई नाही.

आकार. पूर्ण कीबोर्ड १०४ बटणांचा, साधारण ४४ सेंटिमीटर लांब. नंबर पॅड काढला की ८७ बटणांचा, ३६ सेंटिमीटरच्या आसपास. ६० टक्केवाला ६१ बटणांचा, आणि त्यात बाणांची बटणंही नाहीत. होस्टेलच्या टेबलावर माऊसला जागा हवी असेल तर ८७ वाला घ्या. इतवारीत दुकान आहे आणि दिवसा बाबा त्याच कीबोर्डवर टॅलीत बिलं भरतात, तर नंबर पॅड सोडू नका. नाहीतर गेमच्या नादात घरात भांडण. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांनी बॅकस्लॅशचं बटण एंटरच्या वर, नेहमीच्या जागी आहे ना ते बघावं, कारण 'डॉक्टर'मधला ॉ तिथेच असतो. परदेशी ठेवणीच्या काही कीबोर्डांत ते बटण दुसरीकडे सरकतं आणि एंटर उभा असतो.

खेळणाऱ्याने दुर्लक्ष करावं असं म्हणजे ८००० हर्ट्झ. १००० हर्ट्झचा कीबोर्ड दर मिलिसेकंदाला संगणकाला खबर देतो, ८००० वाला दर ०.१२५ मिलिसेकंदाला. तुमचा लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र बदलायलाच १६ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. त्या पैशात पडदा बदला. जुना १२५ हर्ट्झवाला कीबोर्ड असेल तर १००० वर जाणं मात्र फायद्याचं. दिव्यांबद्दल मी बोलत नाही, ज्याची त्याची हौस.

वायरलेस घ्यायचाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा रिसीव्हर असलेला. ब्लूटूथ टायपिंगला ठीक, खेळायला मंद. आणि उन्हाळ्यात तो बंद गाडीत विसरू नका, बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं. वायरवाल्यात वायर सुटी निघणारी, टाइप-सी असावी.

दुकानात बोटांनी दोन गोष्टी अजून तपासा. स्पेसबारच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळं दाबा. एका टोकाला खडखड आणि दुसऱ्या टोकाला अडकल्यासारखं वाटलं तर त्याचा स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटण सरळ खाली नेणारी तार, कच्चा आहे. मग कीकॅप चोळून बघा. एबीएस प्लास्टिक गुळगुळीत असतं आणि तेलकट बोटांनी महिन्यांत चकाकू लागतं, पीबीटी खरबरीत असतं आणि पुष्कळ टिकतं. तर्री-पोहे खाऊन हात न धुता खेळायला बसणाऱ्यांनी पीबीटीच घ्यावं, मी नावं घेत नाही. अक्षरं वरून छापलेली असतील तर पुसली जातात. दोन रंगांच्या प्लास्टिकची ओतीव असतील तर कीकॅप फुटेपर्यंत राहतात.

एवढं पाहून मी काय सुचवते? हजाराच्या आत असेल तर चांगल्या कंपनीचा साधा मेम्ब्रेन, फक्त शिफ्टची परीक्षा पास झालेला. दोन-तीन हजारांत ८७ बटणांचा, हॉट-स्वॅप, लाल स्विचचा मेकॅनिकल. बहुतेकांचा शोध इथेच संपतो. त्याहून वर जायचं तर चुंबकवाला, पण फक्त नेमबाजीचे गेम मन लावून खेळणाऱ्यासाठी. गोष्टींचे आणि भटकंतीचे गेम खेळणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

बर्डीवर मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत घेतला तर हात लावून बघता येतो आणि घासाघीस होते. ऑनलाइन घेतला तर प्रकार जास्त मिळतात, भावही कधी कमी. दोन्हीकडे पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर त्याच दिवशी टेस्टर उघडून प्रत्येक बटण दाबा, एफ-१ पासून बाणांपर्यंत. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं, चिमटा आणि सुटे स्विच एकत्र ठेवा, आणि कूलरची दिशा टेबलावरून वळवा.