सोयाबीनच्या घाईत माज हुकतोय? दूध तपासून घ्या

आश्विन लागला की मराठवाड्यात घरातलं झाडून सगळं माणूस सोयाबीनच्या रानात असतं. काढणी झाली की मळणी, लगेच ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. पहाटे धार काढायची, वैरण टाकायची आणि निघायचं. दिवसभर गाईकडे बघायला कोणी नाही. नेमक्या याच दिवसांत उन्हाळ्यात गप्प बसलेल्या संकरित गाई हिरव्या चाऱ्यावर सावरून माजावर येऊ लागतात, म्हणजे गाभण राहायला तयार होतात. माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास, त्यातही बऱ्याचदा रात्री. तो हुकला की पुढच्या माजापर्यंत २१ दिवस गेले.

गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवं तर व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय गाभण राहायला हवी. जुलैच्या मध्याला व्यालेल्या गाईची ही मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच भरते. चारा, पेंड धरून रोजचा खर्च दोनशे रुपये मानला तरी एक हुकलेला माज ४,२०० रुपयांना पडतो.

दुधातल्या प्रोजेस्टेरॉनची तपासणी इथे कामाला येते. अंडं सुटलं की त्या जागी अंडाशयावर पीतपिंड तयार होतो. तो हे संप्रेरक बनवतो आणि रक्तातून ते दुधात उतरतं. माजाच्या दिवशी त्याचं प्रमाण अगदी कमी असतं. पाचव्या दिवसापासून ते चढायला लागतं आणि दहाव्या ते सोळाव्या दिवसात भरपूर असतं. गाभ राहिला नाही तर सतरा-अठराव्या दिवसानंतर एकदम खाली येतं, राहिला तर तसंच टिकून राहतं. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून दूधउत्पादक याच खुणेवरून गाभण गाय ओळखत आले.

रेतनानंतर, म्हणजे गाय भरवल्यानंतर, २१ ते २४ दिवसांत नमुना द्या. प्रमाण कमी आलं तर गाय रिकामी आहे, हे जवळपास पक्कं समजा. अहवाल हातात येतो तेव्हा तिचा माज चालू असू शकतो, नाहीतर नुकताच होऊन गेलेला असतो. त्या दोन-तीन दिवसांत तरी सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), हंबरणं, दुसऱ्या गाईवर उडणं याकडे घरातल्या एकाने लक्ष ठेवावं. सोयाबीन एक दिवस थांबेल.

जास्त आलं म्हणून मात्र पेढे वाटू नका. गर्भाशयात पू साठला असेल तरी पीतपिंड टिकतो. गर्भ पुढे महिन्याभरात जिरूही शकतो. आणखी एक कारण असतं, ज्याकडे सहसा कोणी बघत नाही: रेतनच चुकीच्या दिवशी झालेलं. माजाच्या चक्राच्या दहाव्या दिवशी कुणी गाय भरवली, तर बरोबर २१ दिवसांनी ती पुन्हा दहाव्या दिवसावरच असते आणि प्रमाण जास्तच येतं. म्हणून माझा आग्रह दोन नमुन्यांचा आहे, एक रेतनाच्या दिवशी आणि दुसरा २२व्या दिवशी. पहिला कमी आणि दुसरा जास्त, तरच आशा धरावी. तरीही दोन-अडीच महिन्यांनी पशुवैद्यकांकडून हात घालून खात्री करून घ्यावीच लागते.

रेतनाच्या दिवशीच प्रमाण जास्त आलं तर ती गाय माजावर नव्हती. काही गाभण गाईही माजासारखी लक्षणं दाखवतात. अशा गाईच्या गर्भाशयात रेतनाची नळी घातली तर गाभ पडू शकतो. गाय तीन-चारदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, की आपण रेतन करणाऱ्याला नाहीतर वळूला दोष देतो, पण भरवलेला दिवस बरोबर होता का, हे आधी दूध सांगू शकतं.

व्याल्यावर ६० दिवस झाले तरी माज दिसला नाही, तर दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या. दोन्ही कमी असतील तर अंडाशय सुस्त आहे. तिथे खुराक, खनिज मिश्रण आणि जंतनिर्मूलन आधी बघा. एकही जास्त आला तर गाईचं चक्र चालू आहे, माज मुका आहे (लक्षणं बाहेर दिसत नाहीत) किंवा आपल्या नजरेतून सुटतोय. माज आणण्याचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन पीतपिंड असेल तरच लागू पडतं आणि गाभण गाईला दिलं तर गर्भपात होतो. मेडिकलमधून आणून स्वतः टोचण्याची ही गोष्ट नाही.

नमुना घेताना एक बारकावा सांभाळा. प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशाबरोबर जातं, त्यामुळे धारेच्या सुरुवातीचं दूध आणि शेवटचं दाट दूध यांचे आकडे वेगळे येतात. देवणी किंवा लाल कंधारी गाईला वासरू लावून पान्हा सोडवतो आणि शेवटचं दूध वासरालाच ठेवतो. तेव्हा वासरू पुन्हा सोडायच्या आधी शेवटच्या धारा बाटलीत घ्या आणि दोन्ही वेळेला तसंच घ्या. सड धुऊन पुसलेले हवेत, दहा मिली पुरे. कासदाह झालेल्या सडाचं किंवा कॅनमधलं मिसळलेलं दूध चालत नाही. बाटलीवर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि तारीख लिहा. ऑक्टोबर हीटमध्ये दूध लवकर बिघडायला लागतं, म्हणून बर्फाच्या थर्मासमधून न्या. प्रयोगशाळेने टिकवण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट दिलं असेल, तर ते विष आहे. बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका आणि ते दूध मांजरालाही घालू नका.

नमुना काढण्याआधी गावच्या पशुवैद्यकांकडे किंवा परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून तपासणी कुठे होते, दर काय आणि अहवाल किती दिवसांत मिळतो ते विचारा. अहवालाला आठवडा लागणार असेल तर २२व्या दिवसाच्या नमुन्याचा निम्मा फायदा गेलाच. झटपट पट्टीचं किट मिळत असेल तर त्यावरची मुदत आणि कमी-जास्तची हद्द वाचून घ्या. ती प्रत्येक किटची वेगळी असते.

दोनच गाई असतील आणि घरात म्हातारं माणूस दिवसभर गोठ्यासमोर बसत असेल, तर प्रत्येक रेतनाला ही तपासणी करत बसू नका. उलटणाऱ्या आणि मुक्या माजाच्या गाईपुरती ती राखून ठेवा. गोठ्याच्या खांबाला कॅलेंडर टांगा, रेतनाच्या तारखेवर गाईचं नाव लिहा आणि त्यापुढे २२ दिवस मोजून लाल गोल करा. मळणीच्या गडबडीत तारीख डोक्यात राहत नाही.