फरकाचा तक्ता पाठ करण्यापूर्वी: आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशी

अकरावीच्या जीवशास्त्रात आदिकेंद्रकी (पटलाने वेढलेले केंद्रक नसलेल्या, उदा. जीवाणू) आणि दृश्यकेंद्रकी (असे केंद्रक असलेल्या, उदा. प्राणी व वनस्पती) पेशींमधील फरकांचा तक्ता बहुतेक जण घोकून टाकतात, आणि त्यावर गुणही मिळतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना आणि पुढे शिकवताना माझे मत मात्र असे झाले की, केंद्रकपटल आणि पेशीचे आकारमान या दोन गोष्टी नीट समजल्या, तर तक्त्यातील बरेचसे मुद्दे आपोआप सुचत जातात.

जीवाणूत डीएनएभोवती पटल नसते. त्यामुळे आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेला संदेश, तयार होत असतानाच रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे कण, त्याला चिकटतात आणि प्रथिन बनू लागते. दृश्यकेंद्रकी पेशीत आरएनएची काटछाट केंद्रकातच होते आणि पटलावरील छिद्रांतून तो पेशीद्रव्यात आल्यावरच पुढचे काम सुरू होते. ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूची लांबी साधारण 2 मायक्रोमीटर असते, तर प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या बहुतेक पेशी 10 ते 100 मायक्रोमीटरच्या असतात. जीवाणूचे श्वसन त्याच्या पेशीपटलावर भागते. मोठ्या पेशीत आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून तेथे तंतुकणिकेच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकाच्या) घड्या घातलेल्या आतल्या पटलाचे महत्त्व.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर गालाच्या आतील बाजूवरून टूथपिक हलकेच फिरवून काचपट्टीवर पातळ लेप द्यावा, तो वाळवून मिथिलिन ब्लूने रंगवावा आणि जादा रंग धुऊन टाकावा. सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशीत मधोमध गडद निळे केंद्रक दिसते. पुष्कळ विद्यार्थी एवढे पाहून आकृती काढतात आणि उठतात. ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब टाकून वापरायचे जास्त क्षमतेचे भिंग) लावून त्याच पेशीवर थोडा वेळ नजर ठेवली, तर तिला चिकटलेले निळे ठिपके आणि बारीक दांडुके सापडतात. ते तोंडातील जीवाणू होत. दोन्ही प्रकार एकाच दृश्यक्षेत्रात शेजारी शेजारी असतात, आणि जीवाणूच्या आत वेगळे केंद्रक शोधूनही दिसत नाही.

जीवाणूचा 70एस रायबोसोम 50एस आणि 30एस या दोन उपघटकांचा बनलेला असतो; मग 50 आणि 30 मिळून 70 कसे, हा प्रश्न नेहमी येतो. एस हे एकक वजनाचे नसून सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने खाली बसतो याचे आहे, म्हणून तेथे बेरीज चालत नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जीवाणूच्या 30एस उपघटकाला बांधले जाते. आपल्या पेशीद्रव्यातील 80एस रायबोसोमची रचना निराळी असल्याने त्यांवर त्याचा तसा परिणाम होत नाही.

अपवादांवरचे प्रश्न स्पर्धा परीक्षांत हमखास असतात. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, तरी ती दृश्यकेंद्रकीच, कारण ती केंद्रक असलेल्या पेशीपासूनच घडते. तंतुकणिकेत स्वतःचा डीएनए आणि रायबोसोम असतात. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या अंतःसहजीवनाच्या विचाराला, म्हणजे तंतुकणिका ही दुसऱ्या पेशीत राहू लागलेल्या जीवाणूपासून आली या कल्पनेला, याचा मोठा आधार मिळतो. 2022 मध्ये वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू तर सुमारे 1 सेंटिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा आहे, आणि त्याचा डीएनए पटलाने वेढलेल्या पिशव्यांत असतो. तेव्हा उत्तर लिहिताना आकारमानाच्या रकान्यात ‘सर्वसाधारणपणे’ एवढे तरी अवश्य लिहावे.