लक्ष आणि अक्षरे निसटणाऱ्या मुलांसाठी वर्गातील सोयी

वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेच्या पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळू लागला की शिक्षकांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही नीट पोहोचत नाही. ज्या मुलाचे लक्ष एरवीही टिकत नाही, त्याचा अख्खा तास अशा वेळी वाया जातो आणि दोष मात्र त्याच्या आळसाला दिला जातो. म्हणून सुरुवात बसण्याच्या जागेपासून करावी. त्याला शिक्षकांजवळ आणि दारापासून दूर बसवावे. खिडकीही टाळावी असे सांगितले जाते. परंतु आभाळ भरून वीज गेलेली असताना उजेड खिडकीपाशीच असतो, तेव्हा तोंड फळ्याकडे राहील आणि उजेड बाजूने वहीवर पडेल अशा बेताने तिथेच बसवणे मला अधिक योग्य वाटते.

सूचना एका वेळी एकच द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि मुलाकडून परत वदवून घ्यावी. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाने ती मालवणीत सांगितली, तरी समजली असे धरावे. दहा उदाहरणे एकदम न देता तीन द्यावीत, ती तपासून पुढची द्यावीत. मधे फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठण्याची कामे त्याच्याकडे सोपवावीत. मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा कधीही करू नये.

'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल, जोडाक्षरांपाशी अडखळणे, रफार आणि वेलांट्या गळणे हे तिसरीनंतरही सातत्याने दिसत असेल, तर आधी डोळे व कान तपासून घेण्यास पालकांना सांगावे आणि महिनाभराच्या वह्या जपून ठेवाव्यात. तोवर धडा वाचून दाखवावा, फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्यास लावण्याऐवजी त्याची प्रत हाती द्यावी, ओळीखाली पट्टी धरू द्यावी आणि पूर्वतयारीशिवाय सर्वांसमोर वाचायला उभे करू नये. इतिहासाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. गणितासाठी चौकटीची वही दिल्यास एकक-दशक एकाखाली एक राहतात. बंदरावर आईशेजारी बसून मासळीच्या वाट्यांचा हिशेब तोंडी अचूक करणारे मूल कागदावर हातच्याची वजाबाकी चुकते, तेव्हा त्याला गणित येत नाही असा शेरा देणे हा सरळ अन्याय आहे.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात सातत्याने येणाऱ्या अशा अडचणींचा, समावेश आहे. त्यामुळे सोयी देणे ही शाळेची मेहरबानी नव्हे. बोर्डाच्या परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिक यांसाठी प्रमाणपत्र लागते आणि गावातून तपासणीसाठी होणारे हेलपाटे पाहता ते काम दहावीच्या वर्षावर ढकलू नये. गटसाधन केंद्रातील, म्हणजे शाळांना साहाय्य करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रातील, विशेष शिक्षकांशी आठवीतच बोलावे. वर्गातील सोयींसाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नये.

कोणत्या मुलाला कोणती सोय उपयोगी पडली आणि कोणती पडली नाही, याची नोंद दर महिन्याला एका वहीत करावी आणि बदली झाल्यास ती वही नव्या शिक्षकांच्या हाती स्वतः द्यावी.