आपला खासदार दिल्लीत काय बोलतो, ते घरबसल्या पाहा

आधी आपला मतदारसंघ नक्की करा. नाशिक जिल्हा 3 लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे: सिन्नर, इगतपुरी, देवळाली नाशिकमध्ये, निफाड, येवला, चांदवड दिंडोरीत, मालेगाव आणि बागलाण (म्हणजे सटाणा) थेट धुळ्यात. सटाण्याचा माणूस नाशिकच्या खासदारावर चिडून उपयोग नाही.

मग 'संसद डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर लोकसभेच्या प्रश्नोत्तरांत खासदाराचं नाव निवडा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्नही होतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. नुसते आकडे मोजू नका; कांदा निर्यातीवरचा एक नेमका प्रश्न दहा गुळगुळीत प्रश्नांना भारी. उत्तराची पीडीएफ उघडून वाचाच, खरी माहिती तिथेच असते. आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, कापलेली क्लिप नको.

हजेरी, चर्चा, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) एकत्र हवी असतील तर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या 'पीआरएस' या संस्थेचं संकेतस्थळ सोपं. मात्र खासदार मंत्री असेल तर तिथे हजेरी दिसत नाही. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत.