स्वराज द्वीपच्या प्रवाळात उतरण्यापूर्वी

अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत हॅवलॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी अजूनही तेच नाव असलेल्या बेटावर, स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्यासाठी, जायचे ठरले की तयारीच्या यादीत पहिली नोंद परतीच्या विमानाची करावी. पाण्याखाली दाबाने घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो आणि तो बाहेर पडायला कित्येक तास लागतात. विमानात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी असल्याने उरलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. एकच डुबकी घेतली असेल तर किमान १२ तास आणि रोज अनेक डुबक्या घेतल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. आपण सरळ पूर्ण २४ तास धरावेत. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, उतरताच सेल्युलर जेलकडे धाव घेतात. त्याऐवजी जेल, तिथला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि संग्रहालये शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावीत, म्हणजे ते २४ तास वाया न जाता सत्कारणी लागतात. बेटावरून परतीचा बोटीचा प्रवास समुद्रसपाटीवरच होत असल्याने त्याला ही अट नाही.

त्यानंतर महिना ठरवावा. मे महिन्याच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्र खवळवतात, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातील वादळांमुळे बोटी रद्द होण्याची शक्यता असते. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत शांत. पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास असल्यामुळे तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, पुरतो. तारीख निवडताना पंचांगही जरूर उघडावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीचा ओढा जोराचा असतो आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत तो मंदावतो. किनाऱ्यालगतच्या निमो रीफवर याने फारसा फरक पडत नाही. पण डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्जसारख्या खुल्या समुद्रातील जागी, जिथे खडक वीस-तीस मीटर खोलीवर आहेत, तिथे ओढा कमी असला तर माणूस हवा पुरवून वापरतो आणि मासेही निवांत पाहता येतात.

आपण नेमके काय करणार आहोत, हेही घरीच ठरवावे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षकाने धरून दाखवलेला समुद्र हा अनुभव म्हणून सुंदरच आहे, परंतु तेवढ्यावरून ‘स्कूबा येते’ असे समजून डिक्सन्सची मागणी करणारे लोक भेटतात आणि त्यांना नकार देणारे केंद्रच चांगले समजावे. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाची पहिली डुबकी प्रशिक्षकासोबत, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत असते आणि त्यासाठी पोहता येण्याची गरज नसते. ‘ओपन वॉटर’ हा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम केल्यास १८ मीटरपर्यंत, पुढच्या ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमानंतर ३० मीटरपर्यंत जाता येते. ओपन वॉटरसाठी २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे आवश्यक असल्याने निघण्यापूर्वी दोन महिने गावातील तरणतलावाचा पास काढणे ही या यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बाब आहे.

वैद्यकीय प्रश्नावली केंद्रावर पोहोचल्यावर घाईत न भरता आधीच मागवून घ्यावी. दमा, फिट येणे, हृदयविकार, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांपैकी एखाद्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर असेल तर डॉक्टरांची लेखी संमती लागते, आणि ती बेटावर धावपळ करून मिळवण्याजोगी गोष्ट नव्हे. ‘नाही’ अशी खूण करून मोकळे होण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण खाली श्वास आपल्यालाच घ्यायचा असतो.

कानांसाठी वेगळा सराव हवा. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि कानाला सर्वाधिक त्रास पहिल्या काही मीटरांतच होतो. म्हणून नाक चिमटीत धरून हळुवार हवा कानांकडे ढकलण्याची क्रिया पाण्याच्या पृष्ठभागापासूनच सुरू करून दुखण्याआधी, पुन:पुन्हा करायची असते. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नये. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणे त्याहून वाईट, कारण त्याचा परिणाम खालीच ओसरला तर वर येताना हवा अडकते.

सामान थोडेच लागते, कारण सिलिंडर, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घेण्याचे साधन), बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट) आणि फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) केंद्रावर मिळतात. मास्क मात्र स्वतःचा असावा. चष्मा असणाऱ्यांनी नंबरच्या काचांचा घ्यावा आणि नव्या मास्कच्या काचा टूथपेस्टने आतून घासून घ्याव्यात, नाहीतर त्या धुरकट होतात. दाट मिशीतून मास्कमध्ये पाणी झिरपते, तेव्हा मिशी थोडी कापण्याची तयारी ठेवावी. अंगठ्या आणि मंगळसूत्र खोलीवरच सुरक्षित ठेवावे. यावरून घरात चर्चा होणार असेल तर ती निघण्यापूर्वीच उरकावी. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा, कारण ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्ये प्रवाळाला अपायकारक ठरल्याने पलाऊ आणि हवाई बेटांनी त्यांवर बंदी घातली आहे. बोट लागत असेल तर गोळी कोणती घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे, कारण काही गोळ्यांनी झोप येते. रोख रक्कम मुख्य शहरातूनच काढून न्यावी.

आदल्या रात्री मद्य टाळावे, पाणी भरपूर प्यावे आणि लवकर झोपावे. तिथे पाचच्या सुमारास उजाडते आणि बोटीही लवकर सुटतात. बोटीवरील सूचना ऐकताना तीन गोष्टी स्वतः विचारून घ्याव्यात: बोटीवर ऑक्सिजन आहे का, जवळचा दाबकक्ष (शरीरात वायूचे बुडबुडे झाल्यास वाढीव दाबाखाली उपचार करण्याची खोली) कुठे आहे आणि किती हवा उरल्यावर परतायचे. सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेला असतो आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर असावे, असा हिशेब असतो. अंगठा वर केल्याचा अर्थ पाण्याखाली ‘छान’ नसून ‘वर चला’ असा होतो, हे हौशी मंडळींना दोनदा सांगावे लागते. ‘ठीक आहे’ यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे. श्वास कधीही रोखू नये, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

प्रवाळाला हात, फिन किंवा गुडघा लागू देऊ नये. २०१० मध्ये तापलेल्या समुद्राने अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते आणि त्यानंतर जे सावरले ते फार सावकाश. किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडासुद्धा उचलू नये, कारण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. परतीच्या आदल्या रात्री बॅग भरताना मुलांचे खिसेही तपासावेत.